पावण्यांचं कलम

पन्हाळ्याच्या कचेरीत मी तीस वर्षं कारकुनी केली. म्हणजे काय केलं, तर दुसऱ्यांनी केलेले नियम टाइप केले. 'सदरहू', 'उपरोक्त', 'अपवाद वगळता' हे शब्द बोटांना इतके पाठ की डोळे मिटून उमटवीन. त्यामुळे निवृत्त होऊन गावी आलो आणि नदीवरच्या तीन गावांनी मिळून पाण्याचा नियम करायचं काढलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. "लिव्हायचं काम क्लार्कचं," असं वरच्या गावचे आबा म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. जन्मभर दुसऱ्याचं टाइप केलं, एकदा आपलं स्वतःचं करून बघू म्हटलं. तिथंच मी माती खाल्ली.

तीन गावं म्हणजे वरचं, मधलं आणि खालचं. मधलं माझं. खालच्या गावात माझी थोरली बहीण दिलेली, अक्का. तिन्ही गावांना एकेक बंधारा आहे, आपल्या कोल्हापुरी पद्धतीचा. नदीत ओळीनं दगडी खांब, खांबांच्या मधे गाळे, आणि गाळ्यात एकावर एक उतरवायचे लोखंडी बरगे. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी तुंबतं. पाऊस यायच्या आधी काढायचे. इतकी साधी गोष्ट. पण उन्हाळ्यात वरच्यानं आपले बरगे घट्ट लावून ठेवले की मधल्याकडं पाझर येतो आणि खालच्याकडं तोही येत नाही. उपसाबंदीची नोटीस दरवर्षी देवळाच्या भिंतीला लागते. खळ ओली असते तोवर शेरडं चाटतात, आणि मोटारी चालूच राहतात.

अक्काच्या तीन म्हशी होत्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, लेक पुण्याला कंपनीत. तो दर दिवाळीला म्हणायचा, "आई, म्हशी वीक आनि चल." अक्का म्हणायची, "तुज्या त्या चौथ्या मजल्यावर मी काय करू? भिताडाशी बोलू?" नदीकाठाला तिचं वैरणीचं एवढंसं रान, नदीत म्हशींना डुंबायला डोह. तिचा हिशेब एका ओळीचा होता आणि तो तिनं मला तोंडावर सांगितला होता. "पानी टिकलं तर म्हसरं टिकतील. म्हसरं टिकली तर मी हितंच मरीन. न्हायतर पोरगं मला उचलून न्हेतंय बघ." बाकीच्यांना नियम हवा होता तो उसासाठी, नाहीतर मिरवायला. मला तो अक्कासाठी हवा होता. हे मी बैठकीत कधी बोललो नाही, कारण कारकुनानं स्वतःचं हित सांगायचं नसतं.

नियम मात्र झकास सुचला होता. आजही म्हणेन, नियमात खोट नव्हती. होळीनंतर दर पंधरा दिवसांनी वरच्या बंधाऱ्याच्या प्रत्येक गाळ्यातले वरचे दोन बरगे काढायचे, म्हणजे तेवढं पाणी मधल्याकडं सुटतं. मधल्यानं तसंच करून खालच्याकडं सोडायचं. हे आधीही ठरायचं. पण काढलेले बरगे तिथंच बंधाऱ्यावर पडलेले असायचे आणि उजाडायच्या आत पुन्हा गाळ्यात उतरलेले असायचे. विचारलं की, "कुनी घातलं काय म्हाईत!" मी लिहिलं, की काढलेले बरगे त्या गावात ठेवायचेच नाहीत. वरच्याचे बरगे मधल्या गावाच्या देवळात, मधल्याचे खालच्या गावाच्या देवळात. ज्याला पाणी पाहिजे त्याच्या ताब्यात कुलूप. पाणी पोचलं की त्यानं बरगे परत द्यायचे. म्हणजे चोरी करायची तर शेजारच्या गावच्या देवाच्या दारातून करावी लागणार.

हे वाचून दाखवलं तेव्हा आबांनी मांडीवर थाप मारली. "क्लार्क, लेका, डोस्कं हाय की तुला!" खालच्या गावचे लोक तर उठून उभेच राहिले. त्यांच्या देवळात भंडारा उचलून तिन्ही गावांनी शपथ घेतली. व्हॉट्सअॅपवर 'बरगे' नावाचा गट निघाला, आणि त्यावर दुसऱ्याच दिवसापासून फुलांची चित्रं आणि सुविचार यायला लागले. मी दोनशे पानी वहीत कलमं लिहून काढली. सात कलमं झाली.

सातवं कलम माझ्या मनात नव्हतं. वही मिटणार इतक्यात मधूनच कुणीतरी म्हणालं, "म्हाईचं काय?"

आमच्याकडची म्हाई कुणाला ठाऊक नसेल तर सांगतो. गावच्या देवीची जत्रा, पण देवी सकाळी उरकते आणि खरी जत्रा घराघरांतल्या चुलीवर होते. बोकड पडतो, तांबडा-पांढरा रस्सा शिजतो, आणि पावणं येतात. दहा घरी जेवण झालेलं असलं तरी अकराव्या घरी बसावंच लागतं. एखाद्याच्या दारातनं पावणा न जेवता गेला तर त्याची चर्चा पुढल्या म्हाईपर्यंत पुरते. आता अशा दिवसांत बंधारा उतरलेला, नळाला धार नाही, आणि पावणा हात धुवायला उभा! नुसतं मनात आणून तिन्ही गावांचे चेहरे पडले. "गावाची अब्रू जाईल राव," आबा म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आणि लिहिलं, 'म्हाईच्या आठवड्यात त्या गावाचे बरगे काढू नयेत; काढलेले असल्यास परत द्यावेत.'

कुठली म्हाई, किती म्हाया, आठवडा कुठून कुठपर्यंत, काही लिहिलं नाही. तीस वर्षं 'अपवाद वगळता' टाइप केलेला माणूस मी! अपवाद कसा फुगतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण त्या घडीला मीही कारकून नव्हतो, म्हाईवाला होतो.

पहिल्या वर्षी पाऊस बरा झाला होता. नियम चालला. मी स्वतः बंधाऱ्यावर जाऊन उभा राहायचो. माणसं दोराला आकडा लावून बरगा वर ओढायची, पाणी पायाखालून धडधडत सुटायचं, आणि ट्रॅक्टर बरगे घेऊन खालच्या गावाला जायचा. चैत्रात अक्काचा फोन आला. "आरं, डोहात पानी हाय! म्हसरं भाईर निघंनात!" इतकी हसत होती की मागं म्हशीला हाकलल्याचा आवाजही हसल्यासारखा वाटला. त्या दिवशी घरात मी शेवयांची खीर करायला लावली. बायको म्हणाली, "काय झालं, पेन्शन वाढली?" मी म्हटलं, "त्याच्यापेक्षा मोठं झालं." तो एक उन्हाळा मला मिळाला, तो माझा. कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस दडी मारून बसला, म्हणून बरगे माघापासूनच काढायला घेतले होते. होळीच्या आधीच वरच्या गावाच्या लक्ष्मीची म्हाई आली, ठीक, ती दरवर्षी येते. त्यांचा ट्रॅक्टर बरगे न्यायला आमच्या देवळाशी उभा राहिला, आणि पुढं दोन म्हातारे, एकाच्या हातात नारळ. "बरगं न्यायला आलोय, आनि आमंत्रन बी द्यायला. समद्यांनी यायचं." नारळ घेऊन आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? आम्ही बरगे चढवून दिले, वर जेवायलाही गेलो. आठवड्यानं बिरोबाची म्हाई निघाली. मी म्हटलं, ही कधीपासून? तर म्हणे, "पूर्वी असायची, बंद पडलीती." आणि त्यानंतर जी निघाली तिला मात्र तोड नाही. लॉकडाऊनात राहिलेली म्हाई! दोन वर्षं देवीचा बोकड राहिलेला, तो दिल्याशिवाय तिला चैन पडेना. "देवाचं ऱ्हायलेलं द्यायला नगो व्हय?" आबांनी मलाच विचारलं. मी काय बोलणार? आमच्याही गावाचं राहिलंच होतं की.

आणि आमच्या गावानं ते ओळखायला फार वेळ घेतला नाही. तालमीच्या कट्ट्यावर बोलणं सुरू झालं. वरच्यांच्या तीन म्हाया, मग आमच्या तीन का नकोत? आमची देवी काय कमी हाय? तिकडं वरच्यांचा बंधारा काठोकाठ, आणि म्हायांच्या नावानं मोटारी रात्रंदिवस. ऊस असा हिरवागार, की बघून लाज वाटावी.

मी बैठक बोलावली. आमच्या शाळेत, फाल्गुनातल्या एका सकाळी. वही उघडली आणि म्हटलं, "सातवं कलम खोडूया. म्हाई करा, बोकड कापा, पावण्यांना टँकरचं पाणी देऊ. पण बरगे ठरल्या दिवशी निघाले पाहिजेत." मग मागून आवाज आला, "म्हंजे क्लार्क, पावण्याला टँकरचं पाजायचं म्हंता?" हशा पिकला. खालच्या गावचे चौघे आले होते, त्यांत अक्काचा दीरही होता. मला वाटलं हे तरी उठतील, यांच्याच जिवावर आलंय. तर तो म्हणाला, "आमची बी म्हाई हाय की वैशाखात. तवा आमालाबी लागंल." ज्याच्या डोहात टाच भिजेना, तो आपल्या म्हाईसाठी कलम राखत होता!

आबा तेवढे शांत होते. माणूस बेरकी, पण खोटा नव्हे. म्हणाले, "आमच्या दोन झाल्या, तिसरी ऱ्हायलीय. ती मी सोडतो. देवीची माफी मागतो. पर तुमच्या गावची पंधरा दिसावर आलीया, ती तुमी सोडा. तुमी आधी सही करा, मागनं मी करतो. हितंच, आत्ता."

याहून सरळ बोलणं मी आयुष्यात ऐकलं नाही. पेन माझ्याच हातात होतं. आमच्या गावच्या माणसांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, त्यांना नुसतं ठाऊक होतं. माझ्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात झालेलं. नवे व्याही पहिल्यांदा म्हाईला येणार होते, आजऱ्याकडची सधन माणसं, पंचवीस-तीस जण. बायकोनं महिनाभर आधीपासून मसाला कांडून ठेवलेला. पहिल्या म्हाईला व्याह्यांच्या हातावर टँकरचं पाणी घालायचं? लेकीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. अक्का मला त्या क्षणी आठवली का? आठवली. चांगली आठवली. आणि तरी मी म्हटलं, "असं करू, पुढच्या वर्षीपासून खोडू."

आबांनी उठून टोपी झटकली. "बरं," म्हणाले. "म्हंजे आमची तिसरी बी हुनार."

झाली. त्यांची तिसरी झाली, आणि मग आमची झाली. व्याही आले. दारात घंगाळं भरून ठेवलं होतं, एकेकाच्या पायावर पाणी घालून आत घेतलं. पंगती उठल्या. व्याही खूश, लेक खूश. अक्काही आली होती, माहेरची म्हाई तिनं कधी चुकवली नाही. मोरीत बसून भांडी घासत होती. पाहुणीनं भांडी घासू नयेत म्हणून बायको तिला उठवायला गेली, पण ती ऐकेना. कुणीही नळ सोडून गेलं की ती उठून बंद करायची. असं किती वेळा केलं असेल तिनं!

संध्याकाळी तिला एसटीला सोडायला निघालो. वाट माझ्याच उसाच्या कडेनं जाते. मोटार चालू होती, पाट भरून वाहत होता. ती थांबली. म्हणाली, "ह्ये पानी म्हाईचं व्हय?"

मी म्हटलं, "हां, म्हणजे आठवडाभर बरगे आहेत ना, तर..."

"पावणं काय ऊस पित्यात व्हय रं?"

एवढं वाईट वाटलं की मी उलट तिच्यावरच खेकसलो, "मी एकट्यानं बंद करून काय होणारे? सगळ्यांच्याच चालू आहेत!" तिनं पदराला हात पुसले आणि चालायला लागली. एसटीत बसताना खिडकीतून एवढंच म्हणाली, "बाळ, मसाला चांगला झालता."

त्यानंतर बरगे काढले. आमच्या बंधाऱ्याचेच काढले, मी स्वतः उभा राहून. पण वरून यायला काही उरलंच नव्हतं. खाली सोडलेलं पाणी दोन किलोमीटर वाळूत मुरलं आणि संपलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसला माझा कारभार. गटावर मी फोटो टाकला, रिकाम्या गाळ्यांचा. त्याखाली तीन अंगठे आले आणि एक सुविचार.

वैशाखात अक्काचा फोन आला. खालच्या गावच्या म्हाईला चार दिवस होते. मी म्हटलं, "येतोय गं, सगळे येतो." ती म्हणाली, "त्याच्यासाठीच फोन केलाय. येऊ नको."

मला वाटलं रागानं म्हणतेय. तर तसं नव्हतं. "गावानं ठरीवलंय. औंदा पावणं बोलवायचं न्हाय. हीर बी आटली. दवंडी दिलीया, ज्येनं त्येनं आपापल्या पै-पावण्यांस्नी फोन करून येऊ नका म्हनायचं." तिचा आवाज बारीक झाला. "सकाळपास्नं समदं गाव फोन करायलंय बघ."

एक अख्खं गाव फोन करून आपल्या माणसांना येऊ नका म्हणतंय! लॉकडाऊनात म्हाई सरकारनं अडवली होती, पण गावानं आपणहून नको म्हणणं आमच्या मुलखात आजवर घडलं नव्हतं. पटकीच्या साथीतसुद्धा म्हाई झाली म्हणून आमचा बाप सांगायचा. मी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिलो.

म्हाईच्या दिवशी मी गेलोच. एकटाच गेलो. पाण्याचे दोन मोठे कॅन भाड्याच्या रिक्षात घातले. गावात शिरलो तर मांडव नाही, स्पीकर नाही, चुलीचा धूर नाही. दारांत माणसं बसली होती आणि रिक्षा दिसताच घरात जात होती. पावण्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती त्यांना. लाज खरं तर कुणाला वाटायला हवी होती!

अक्काच्या गोठ्यात कुणी नव्हतं. दावी खुंटाला गुंडाळून ठेवली होती. दारात दोन बॅगा, आणि पुण्याहून आलेला भाचा फोनवर टेम्पोवाल्याशी बोलत होता. त्यानं मला बघून मान हलवली आणि फोन घेऊन परड्याकडं गेला. म्हशी गेल्या सोमवारी विकल्या होत्या. मला सांगितलंसुद्धा नव्हतं.

मी कॅन उतरवून ओट्यापाशी ठेवले. अक्का आतून तांब्या घेऊन आली. कॅनचं झाकण उघडून तिनं तांब्या बुडवून काठोकाठ भरला आणि पायरीशी उभी राहिली.

"पाय फुडं कर."

"अक्का, काय करतेस? प्यायचं पाणी आहे ते. आत ने."

"म्हाईचा पावणा हाईस. पाय धुतल्याबिगर कसा आत घिऊ?"

"अगं, सांडू नको. तुला दोन दिवस पुरेल ते."

"दोन दिस कुठं ऱ्हायलोय मी. उद्या सकाळी निगतोय." तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नव्या व्याह्याशी बोलावं तसं ती बोलत होती. "माज्या दारची ही शेवटची म्हाई. पावणा कोरड्या पायानं आला आसं व्हायला नगो."

मी चपला काढल्या. तिनं वाकून उजव्या पायावर सावकाश धार धरली. पाणी पायरीवरून खाली गेलं, अंगणातल्या भेगांत शिरलं आणि दिसेनासं झालं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडणार? तिनं तांब्या पुन्हा भरला आणि म्हणाली, "आता दुसरा."